सोलापूरचा उन्हाळा आणि जुनी तैलचित्रं : रंगाचे पापुद्रे सुटलेत, सफाईआधी काय करावं?

पेठेतला_वाचक
शहरातल्या एका जुन्या वाचनालयाच्या सभागृहात देणगीदारांची पाच मोठी चित्रं आहेत. सगळ्यात मोठं साधारण चार फूट बाय तीन फूट, पश्चिमेच्या भिंतीवर, खिडकीला लागून. वरचं वार्निश तपकिरी-पिवळं झालंय. कोटाच्या काळ्या भागात रंगाला बारीक तडे आहेत, त्यांच्या कडा वर उचलल्यात आणि हनुवटीखाली दोन-तीन ठिकाणी रंग गळून पांढरं दिसतंय. उजव्या खालच्या कोपऱ्यात कॅनव्हासला आतून फुगवटा आहे. पुण्यतिथीला चित्राला हार घालतात, कपाळाला गंध लावतात.

समितीपुढे सध्या तीन सूचना आहेत : कापलेला बटाटा चोळून मळ काढणे, जवसाचं तेल लावून चमक आणणे आणि सभागृहात मोठा एअर कूलर बसवणे. कला-संग्रहालयात चित्रांचं संवर्धन करणारा माणूस अशा चित्रापुढे कोणत्या क्रमाने काम करेल, ते जाणकारांनी सविस्तर लिहावं.

रंगपरत
तिन्ही सूचना आज थांबवा. बटाट्यातलं पाणी तड्यातून आत जातं, स्टार्च पृष्ठभागावर राहतो आणि पावसाळ्यात त्यावर बुरशी धरते. जवसाचं तेल महिनाभर छान दिसतं, मग हवेतल्या ऑक्सिजनने घट्ट होऊन मूळ तैलरंगासारखाच थर बनतो आणि काळवंडतो. तो काढायचा तर जे द्रावण लागेल ते खालच्या रंगालाही सोडणार नाही. कूलरबद्दल खाली कुणीतरी लिहीलच.

आधी चित्र उतरवा. दोन माणसं, हातात अंगठ्या-घड्याळ नको, शर्टाच्या खिशात पेन नको. पकड बाहेरच्या चौकटीच्या दोन्ही उभ्या बाजूंना, वरच्या पट्टीला धरून उचलू नका. जुन्या चौकटीचे सांधे तिथेच निखळतात. टेबलावर स्वच्छ पांढरा कागद अंथरा आणि चित्र पालथं न घालता, रंगाची बाजू वर ठेवून आडवं ठेवा. उचललेले पापुद्रे उभ्या चित्रात स्वतःच्या वजनाने गळतात, आडव्यात जागेवर राहतात. एवढ्यानेच निम्मा धोका टळतो.

चित्र सोलापुरी चादरीत गुंडाळू नका आणि टॉवेलने पुसूही नका. टेरी टॉवेलचे फासे पापुद्र्याच्या उचललेल्या कडेत अडकतात आणि आख्खी खपली घेऊन येतात. आपल्या गावात टॉवेल हाताशी असतोच, म्हणून मुद्दाम लिहिलं. गळालेला तुकडा मिळाला तर बटर पेपरच्या पुडीत घाला, वर कोणत्या चित्राचा, कोणत्या जागेचा आणि तारीख लिहा. तो टाकू नका. मापात बसला तर मूळ जागी परत बसवता येतो.

दुसरं म्हणजे पाचही चित्रं खरंच तैलचित्रं आहेत का, ते पाहा. महाराष्ट्रात अशा सभागृहांत तीन वेगळ्या वस्तू एका रांगेत टांगलेल्या असतात : कॅनव्हासवरचं तैलचित्र, ओलिओग्राफ म्हणजे कागदावरचा छापील रंगीत शिळाप्रेस ठसा, आणि ब्रोमाइड कागदावर मोठा केलेला फोटो ज्यावर हाताने रंग चढवलाय. दहापट भिंगाखाली ओलिओग्राफमध्ये छपाईचे ठिपके दिसतात, अनेकदा खालच्या कडेला छापखान्याचं नाव असतं. काहींवर कॅनव्हासचा पोत दाबून उठवलेला असतो आणि वर वार्निश असतं, म्हणून नुसत्या नजरेला फसगत होते.

पेठेतला_वाचक
पाहिलं. मोठ्या चित्राच्या मागे कॅनव्हास आहे, आतली लाकडी चौकट आहे, कोपऱ्यांत पाचरी आहेत. उजव्या खालच्या कोपऱ्यातली एक पाचर मात्र जागेवर नाही. आणखी तीन चित्रंही अशीच कॅनव्हासवरची. पाचवं एकदम गुळगुळीत आहे, भिंगाखाली ठिपके नाहीत, पण चेहऱ्याच्या सावल्या फार बारीक, फोटोसारख्या.

छायाप्रत
पाचवं रंगवलेलं ब्रोमाइड आहे, जवळजवळ खात्रीने. त्याचा रस्ता वेगळा. खाली जिलेटिनचा थर, त्यात चांदीचे कण. जिलेटिन पाण्याने फुगतं आणि बोटाच्या दाबानेही निघून येतं. त्यावर ओला बोळा अजिबात फिरवायचा नाही. गडद भागात तिरप्या उजेडात आरशासारखी निळसर चमक दिसली तर ती चांदी वर आलीय, तो मळ नव्हे. काच असेल तर काच आणि फोटो यांच्यात किमान ३ मिलिमीटर अंतर हवं, नाहीतर पावसाळ्यात जिलेटिन काचेला चिकटतं. चिकटलेलं दिसलं तर ओढून सोडवायला जाऊ नका, तसंच काचेसकट तज्ज्ञाकडे न्या. उजेड ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) वर नको. तैलचित्राला १५० ते २०० लक्स चालतात, म्हणून हे एक चित्र आतल्या अंधाऱ्या भिंतीला हलवा.

रंगपरत
छायाप्रत यांच्याशी पूर्ण सहमत. बाकी चारांकडे वळतो.

हरवलेली पाचर फुगवट्यातच आहे, असा माझा अंदाज. पाचर सैल होऊन निसटते आणि आतल्या चौकटीची खालची पट्टी नि कॅनव्हास यांच्या फटीत पडते. तिच्याबरोबर भिंतीचं प्लास्टर, खिळ्याचा गंज, पालीच्या अंड्यांची टरफलं असं सगळं तिथे साठतं. वर्षानुवर्षं तो गोळा आतून दाबत राहतो आणि समोर फुगवटा येतो, त्याभोवती रंगाला तडे जातात. पण पाचर लगेच काढायला जाऊ नका. फुगवट्यावरचा रंग सुटलेला असेल तर मागून ढकलताक्षणी तो पुढून उडेल. आधी रंग बसवायचा, मग पाचर.

त्याच्याही आधी नोंद. खोली अंधारी करा, टॉर्च चित्राच्या एका बाजूला अगदी खाली, पृष्ठभागाशी ५ ते १५ अंशांचा कोन करून धरा आणि फोटो काढा. चारही बाजूंनी. उचललेली प्रत्येक कड सावली टाकते, सरळ उजेडात न दिसणारे पापुद्रे इथे मोजता येतात. मग ३६५ नॅनोमीटरची अतिनील टॉर्च. जुनं नैसर्गिक राळेचं वार्निश हिरवट झळकतं. त्यावर कुणी नंतर रंग लावला असेल तर ते डाग काळे दिसतात. डोळ्याला अतिनील अडवणारा चष्मा हवा. प्रत्येक फोटोत मोजपट्टी ठेवा. या फोटोंच्या छापील प्रतीवर चार रंगांच्या पेनांनी खुणा करायच्या : गळालेलं, उचललेलं, फाटलेलं, आधी दुरुस्त केलेलं. संग्रहालयातल्या संवर्धकाचा बराच वेळ याच कामात जातो आणि तो वाया जात नाही, कारण पुढच्या वर्षी नुकसान वाढलंय की थांबलंय हे फक्त यावरूनच कळतं.

पापुद्रे का उठतात? कॅनव्हासवर आधी सरसाचा हात असतो, त्यावर अस्तर (रंगाखालचा पांढरा लेप), मग रंग, मग वार्निश. यात सरस सगळ्यात चंचल. हवा कोरडी झाली की तो आकसतो आणि सगळ्या थराला ताण देतो. जुना तैलरंग ठिसूळ असल्याने तो ताण सोसत नाही, तडकतो. हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर गेली की सरस मऊ पडतो, त्याची पकड सुटते आणि घट्ट विणीचा कॅनव्हास उलट आटतो. खालचं कापड आटलं, वरचा रंग तेवढाच राहिला, म्हणजे रंगाला जागा कमी पडते आणि तो वर उठतो. ओल्या फुलांचे हार चित्रावर रुळतात तिथे हेच होतं. हनुवटीखालचा रंग गेलाय, म्हणजे हार नेमका कुठे टेकत होता तेही पाहा.

हवामापक
सोलापुरात उन्हाळी दुपारी आर्द्रता २०-२५ टक्क्यांपर्यंत उतरते आणि भर पावसाळ्यात सकाळी ८० च्या पुढे जाते. चित्राला खरा त्रास या चढ-उताराचा. आकडा थोडा जास्त किंवा कमी असण्यापेक्षा तो झटपट बदलणं वाईट.

म्हणूनच कूलर नको. कूलर पाणी हवेत सोडूनच गार करतो. सुरू असताना आर्द्रता दोन तासांत २० वरून ६०-७० ला नेतो, संध्याकाळी वाचनालय बंद झालं की रात्रीत पुन्हा खाली. पावसाळा आणि उन्हाळा रोज एकदा. शिवाय बोअरच्या जड पाण्याचे बारीक तुषार उडाले तर क्षार पृष्ठभागावर बसतात. वाळ्याच्या ओल्या ताट्यांनाही हेच लागू. दिवसा एसी आणि रात्री बंद, हा प्रकारही फार वेगळा नाही.

त्यापेक्षा पश्चिमेच्या खिडक्या दुपारी बारा ते सहा बंद, आतून जाड पांढरा सुती पडदा, गच्चीला पांढरा चुना. पंखा चालेल, त्याचा झोत चित्रावर नको. चित्रं पश्चिमेच्या भिंतीवरून काढून आतल्या भिंतीवर. पश्चिमेची भिंत संध्याकाळपर्यंत तापलेली असते आणि चित्राची पाठ तिला लागलेली असते.

एक डेटा लॉगर घ्या, दर ३० मिनिटांनी तापमान-आर्द्रता आपोआप नोंदवणारा. तो चित्राच्या उंचीवर, खिडकी-दारापासून लांब लावा. घेतल्यावर तपासून घ्या : बाटलीच्या झाकणात खाण्याचं मीठ, त्यात ते नुसतं ओलं लापशीसारखं होईल इतकंच पाणी, हे झाकण आणि लॉगर एका झिपच्या पिशवीत बंद करून सावलीत रात्रभर ठेवा. साधारण २५ अंशांना आत ७५ टक्के आर्द्रता होते. लॉगर ७० दाखवत असेल तर तो ५ ने कमी दाखवतोय, तसं लिहून ठेवा. वर्षभराची नोंद झाल्याशिवाय कोणतंही यंत्र विकत घेऊ नका.

पेठेतला_वाचक
हाराचं समितीला पटेल का, शंका आहे. परंपरा आहे.

रंगपरत
हार बंद करायला सांगू नका. चित्राखाली छोटं टेबल ठेवा, त्यावर त्याच व्यक्तीचा फ्रेम केलेला छापील फोटो. हार, गंध, उदबत्ती सगळं तिथे. उदबत्तीची काजळी तेलकट असते आणि वार्निशला घट्ट धरते, म्हणून टेबलही थोडं बाजूला सरकवा. कपाळावरचा गंध सध्या खरवडू नका, सफाईच्या वेळी त्याची वेगळी चाचणी लागेल.

आता रंग बसवणं. हे समितीने स्वतः करायचं काम नाही. पण काय होणार आहे हे माहीत असलं की कुणाला काम देताना योग्य प्रश्न विचारता येतात, म्हणून लिहितो.

नेहमीचं साधन म्हणजे माशाच्या फुग्याचा सरस, इसिंग्लास. सुके तुकडे रात्रभर विआयनित (क्षार काढलेल्या) पाण्यात भिजत घालायचे, मग दुसऱ्या भांड्यातल्या गरम पाण्यात ठेवून विरघळवायचे, ६० अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही, गाळायचं. द्रावण १.५ ते २ टक्के. याहून दाट केलं तर ते फटीत न शिरता वरच चकाकत राहतं आणि वाळताना कड ओढून धरतं. आधी तड्यावर इथेनॉल आणि पाणी समसमान याचा बारीक थेंब, त्याने पृष्ठताण मोडतो. मग कोमट सरस तीन शून्याच्या कुंचल्याने तड्याच्या तोंडाशी, तो आपोआप आत ओढला जातो. पापुद्रा मऊ पडेपर्यंत थांबायचं. मग सिलिकॉन कागद ठेवून ४५ ते ५० अंशांची तापती छोटी पट्टी काही सेकंद अलगद टेकवायची, नंतर वाळूच्या छोट्या पिशवीचं वजन. घाई केली तर ताठर पापुद्रा मधोमध मोडतो. वर राहिलेला सरस जेमतेम ओल्या बोळ्याने लगेच उचलायचा. तयार सरस फ्रीजमध्ये तीन-चार दिवस टिकतो. आपल्या उन्हाळ्यात बाहेर ठेवला तर दुसऱ्या दिवशी वास मारतो.

द्रावक
इथे थोडा मतभेद. पांढरं अस्तर पाण्याला संवेदनशील असेल किंवा मागे पाण्याचे डाग असतील तर सरस नको, त्यातलंही पाणी कॅनव्हास आटवू शकतं. तिथे बीव्हा ३७१ (उष्णतेने चिकटणारं कृत्रिम चिकटद्रव्य) पातळ करून. तो ६५ अंशांना सक्रिय होतो, पाणी लागत नाही.

रंगपरत
मान्य. पण बीव्हा एकदा अस्तरात मुरला की काढणं कागदावर सोपं, प्रत्यक्षात अवघड. आणि मग त्या जागी पुढे कुणालाही पाण्यातलं चिकटद्रव्य वापरता येत नाही. म्हणून कॅनव्हासच्या मागच्या कडेला एक थेंब पाणी टाकून पाहायचं. कापड पटकन आखडलं तर बीव्हा, नाहीतर सरस. पांढरा लाकडाचा गोंद दोन्ही बाबतीत बाद. तो वाळला की पाण्यातही नीट विरघळत नाही.

द्रावक
सफाईबद्दल. दोन कामं वेगळी आहेत : वार्निशवरचा मळ काढणं आणि वार्निश काढणं. पहिलं अनेकदा पुरतं.

मळासाठी कडेला, चौकटीखाली झाकला जाणारा ५ मिलिमीटरचा चौकोन निवडायचा. बांबूच्या काडीवर हाताने गुंडाळलेला कापूस, विआयनित पाण्यात बुडवून टिपकागदावर निथळलेला. बोळा घासायचा नाही, फिरवत न्यायचा. मळ निघाला नाही तर लाळ. तिच्यातलं एन्झाइम सौम्य असतं आणि संग्रहालयांत ती आजही वापरतात. त्याने नाही झालं तर १ टक्का ट्रायअमोनियम सायट्रेट, सामू ७ च्या आसपास, नंतर पाण्याच्या दोन बोळ्यांनी पुसून घेणं. प्रत्येक बोळा भिंगाखाली पाहायचा. करडा-काळा मळ, पिवळा म्हणजे वार्निश, आणि चित्रातला रंग दिसला की त्या क्षणी काम बंद. लाल लेक (रंजकापासून केलेला पारदर्शक लाल), उंबर (मातीचा तपकिरी) आणि काळा हे रंग सगळ्यात आधी सुटतात. कोट काळाच आहे, म्हणजे तिथे दुप्पट सावध.

वार्निशसाठी आयसोऑक्टेनमध्ये आयसोप्रोपॅनॉल १० टक्क्यांपासून सुरुवात, १०-१० ने वाढवत. ज्या मिश्रणाला वार्निश सुटतं पण रंग हलत नाही तिथे थांबायचं. बोळा एका जागी ५-६ सेकंदांहून जास्त नाही. नुसतं ॲसिटोन घेऊन भराभर चित्र उजळवणारे असतात. त्यात चेहऱ्यावरच्या शेवटच्या पातळ छटा जातात, आणि नाक-डोळे सपाट दिसू लागतात.

सोलापूरचा खास मुद्दा : व्हाइट स्पिरिट या पेट्रोलियम द्रावणाचा ज्वलनबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते तो, ३८-४० अंशांच्या आसपास असतो. मे महिन्यात खोलीच ४० असते. म्हणजे जे द्रावण थंड गावात तुलनेने सुरक्षित, ते इथे उघड्या बाटलीतून पेट घेण्याजोगी वाफ सोडतं. वापरलेले बोळे झाकणाच्या लोखंडी डब्यात, खोलीत पंख्याचं जुनं ठिणगी पाडणारं बटण नको. धुळीचा मास्क वाफ अडवत नाही, सेंद्रिय वाफेचं काडतूस असलेला मास्क लागतो. शिवाय उष्णतेने द्रावण लवकर उडतं, त्यामुळे जानेवारीत घेतलेली चाचणी मेमध्ये जशीच्या तशी चालत नाही. वार्निश काढायचं काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत ठेवा.

पेठेतला_वाचक
तरी विचारतो, पिवळं वार्निश तसंच ठेवलं तर?

रंगपरत
काही बिघडत नाही. पिवळं वार्निश रंगाला खात नाही, फक्त दिसणं बदलतं. पैसे मोजके असतील तर ते रंग बसवण्यावर आणि चित्राची पाठ झाकणाऱ्या पत्र्यावर लावा. चित्र पिवळं राहून शंभर वर्षं टिकेल. उजळ करून पापुद्रे तसेच ठेवले तर पुढच्या मे महिन्यात फरशीवर रंग सापडेल.

चौकटकार
पाठीमागच्या पत्र्याचं मी लिहितो. पत्रा म्हणजे धातूचा नव्हे. ४ मिलिमीटरची नालीदार पॉलिप्रॉपिलीन शीट घ्या, खोक्यांसाठी वापरतात ती. आतल्या चौकटीच्या मागच्या लाकडावर पितळी स्क्रूने बसवा, दर २०-२५ सेंटिमीटरला एक. स्क्रूची लांबी आधी लाकडाच्या जाडीशी ताडून घ्या, टोक कॅनव्हासला भिडता कामा नये. धूळ, पाली, मागून लागणारा धक्का थांबतो आणि मुख्य म्हणजे आतल्या हवेची आर्द्रता सावकाश बदलते. हार्डबोर्ड नको, तो आम्लधर्मी असतो आणि वाळवीला आवडतो.

बाहेरच्या चौकटीच्या खाचेत फेल्टची पट्टी, चारही बाजूंना ३ मिलिमीटर मोकळीक. चित्र खिळे ठोकून अडकवलेलं असतं, ते काढून वाकवलेल्या पितळी पट्ट्या बसवा. खिळ्याचा धक्का थेट रंगापर्यंत जातो. भिंत आणि चौकट यांच्यात खाली दोन बुचं, २५ मिलिमीटरची. लाकडाच्या बारीक भोकांतून ताजा भुसा पडत असेल तर कीड जिवंत आहे. चित्रावर फवारा मारू नका. हवाबंद पिशवीत ऑक्सिजन अर्ध्या टक्क्याखाली आणून तीन-चार आठवडे ठेवणं हा रंगाला न दुखावणारा मार्ग.

पाचरींबद्दल मात्र कळकळीने सांगतो. पावसाळ्यात कॅनव्हास सैल दिसतो आणि कुणीतरी हातोडी घेऊन पाचरी ठोकतं. तेव्हा तो छान ताणलेला दिसतो. पुढच्या उन्हाळ्यात सरस आकसतो, आधीच्या ताणावर नवा ताण चढतो आणि कोपऱ्यांतून तिरपे तडे जातात. ठोकायच्याच असतील तर हिवाळ्यात, आर्द्रता ४५-५५ च्या दरम्यान असताना. कॅनव्हास आणि लाकूड यांच्यात जाड कार्ड सरकवून, आठही पाचरींना आळीपाळीने एकेक हलका टोला. सुरकुती पूर्ण जावी हा हट्ट नको. नंतर प्रत्येक पाचर नायलॉनच्या दोऱ्याने लाकडाला बांधा, म्हणजे पुन्हा फटीत पडणार नाही.

पेठेतला_वाचक
गळालेल्या जागा भरून, वर नवीन वार्निश द्यायचं ठरलं तर काय मागावं? आणि काम कुणाला द्यावं?

रंगपरत
भरणासाठी खडूची पूड आणि जिलेटिन, गळालेल्या जागेपुरतंच, मूळ रंगावर एक मिलिमीटरही नाही. वर पातळ वार्निश, मग सहज काढता येणाऱ्या संवर्धनाच्या रंगांनी भरणावरच ठिपके. मूळ रंगावर नवा तैलरंग चालवणार असेल तर काम देऊ नका.

शेवटच्या वार्निशला पॅरालॉइड बी-७२ (ॲक्रिलिक राळ) सुचवलं तर विचार करा. ते उत्तम आहे, पण ४० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं. सोलापुरी सभागृहात एप्रिल-मेमध्ये त्यावर धूळ रुतून बसेल. त्याच कुळातलं बी-६७ सुमारे ५० अंशांपर्यंत टिकतं, लारोपाल ए८१ (दुसरी कृत्रिम राळ) त्याहून थोडं जास्त. चित्राच्या मागे मेण-राळेने चिकटवलेला दुसरा जुना कॅनव्हास असेल तर ते पत्र्याच्या छपराखालच्या खोलीत एक दिवसही ठेवू नका.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलासंवर्धन केंद्र आहे, लखनौला १९७६ पासूनची सांस्कृतिक वस्तूंच्या संवर्धनाची राष्ट्रीय संशोधन प्रयोगशाळा (एनआरएलसी) आहे. खाजगी संवर्धकही मिळतात. कुणीही असो, आधी लेखी अवस्था-अहवाल मागा, त्यात चाचणीचे चौकोन कुठे घेतले, कोणतं द्रव्य किती टक्के, हे हवं. काम झाल्यावर आधीचे, मधले आणि नंतरचे फोटो. अहवालाआधी किंमत सांगणारा नको.

आणि चित्र पाठवायचंच झालं तर मेमध्ये नाही. उचललेल्या पापुद्र्यांवर आधी जपानी कागदाचे, कापलेले नव्हे, फाडलेले ५-८ सेंटिमीटरचे तुकडे लावून घ्यायला त्या माणसालाच इथे बोलवा.

पेठेतला_वाचक
उद्या चित्र उतरवतो, लॉगर मागवतो. तिरप्या उजेडातले फोटो काढले की इथेच टाकतो.

चौकटकार
उतरवताना मागची तार कापू नका, तिची लांबी आणि कड्यांची जागा मोजून लिहा. आणि टेबल पंख्याखाली नको.